आत्यांचं दुसरं ऑपरेशन

सायखेड्यात एखादी बाई गेली की आमच्या गावच्या घरी निरोप यायचा. निरोप आणणारा माणूस अंगणाच्या कडेलाच थांबायचा आणि एवढंच म्हणायचा, "मावशींना बोलावलंय." कोणाकडे, कशासाठी, हे माझ्या सासूबाई विचारत नसत. हातातलं काम खाली ठेवायच्या, जुनं पातळ नेसायच्या आणि निघायच्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. गेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालणं, तिचे केस विंचरणं, तिला पातळ नेसवणं हे त्यांच्याकडे कधी आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. त्यांच्या सासूच्या वेळी कोणी पुढे येईना म्हणून त्या पुढे झाल्या. मग शेजारच्या घरातून बोलावणं आलं, मग दुसऱ्या आळीतून. परत आल्या की परसात डोक्यावरून पाणी घ्यायच्या, केस पिळायच्या आणि चहा टाकायच्या. मी नाशिकची, शाळेत शिकवणारी, लग्न होऊन त्या घरात नवीन आलेली. एकदा मी विचारलं होतं, भीती नाही का वाटत.

"कसली भीती? ते माणूस कायबी करत नाय. फक्त जड होतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आधी पाय बघायचे. किती वेळ झाला ते पाय सांगतात."

आम्ही नवराबायको नोकरीमुळे नाशिकला राहायचो. दीर-जाऊ सायखेड्याला, द्राक्षबागेवर. आत्या तिकडेच असायच्या. त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा पहिलं ऑपरेशन नाशिकला झालं, मग केमो झाली, केस गेले आणि परत आले. दोन वर्षं बरी गेली. त्यानंतरच्या तपासणीत पोटात पुन्हा ठिपके दिसले. डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. नवरा म्हणाला, "आईला सांगायचं नाही. सूज आहे म्हणू." दिरांनाही तेच पटलं. मी रिपोर्ट पिशवीत तळाशी घातले.

गोळ्या सुरू झाल्या म्हणून आत्या आमच्याकडे नाशिकला राहायला आल्या. दुपारी मी शाळेतून यायचे तेव्हा त्या बाल्कनीत उन्हात बसलेल्या असत, पातळ घोट्याच्या वर घेतलेलं, आणि स्वतःच्या पायांकडे बघत असत. टाचेपासून नखांपर्यंत, एक पाय, मग दुसरा. मी विचारलं, "दुखतायत का?"

"नाय. बघते नुसतं."

त्यानंतर मी बाल्कनीत जाताना आधी चपलांचा आवाज करायला लागले.

एका सकाळी डबे भरत असताना मला मोरीतून आवाज आला. आत्या उलटी करत होत्या. आदल्या दिवसापासून त्या नीट जेवल्या नव्हत्या, पण गेल्या पंधरा दिवसांत असं दोनतीनदा झालं होतं. या वेळी उलटी हिरवी होती आणि थांबत नव्हती. पोट ताणून कडक झालेलं. मी त्यांना पलंगावर निजवलं. त्यांनी माझा हात धरून पोटावर ठेवला.

"बघ. आत कोणीतरी वावरतंय."

मी पदर बाजूला केला. बेंबीच्या डाव्या अंगाला, कातडीखाली, मनगटाएवढं काहीतरी वर आलं. हळूहळू सरकलं, जुन्या टाक्यांच्या रेघेपाशी येऊन थांबलं आणि विरलं. मग पुन्हा तिथूनच, तसंच. त्याच्याबरोबर पोटातून आवाज येत होता, रिकाम्या खोलीत नळ ठिबकावा तसा. तो मला उशाशी उभं राहूनही ऐकू येत होता. आत्या माझ्याकडे बघत होत्या, पोटाकडे नाही. मी पदर परत घातला आणि नवऱ्याला हाक मारली.

पहिलं ऑपरेशन ज्यांनी केलं होतं तेच सर्जन दवाखान्यात होते. साठीच्या जवळचे, बारीक आवाजात बोलणारे. आत्यांच्या नाकातून नळी घातली, तशी पिशवीत तपकिरी पाणी भरत गेलं. स्कॅन झाला. मग त्यांनी आम्हा दोघांना आपल्या खोलीत बसवलं.

"आतडं अडलंय," ते म्हणाले. "आणि आजार परत आलेला आहे हे तुम्हाला माहीत आहे. पोटाच्या अस्तरावर थोडा थोडा सगळीकडे आहे. अशा पेशंटचं तातडीनं पोट उघडायला मी पुष्कळदा नाही म्हणतो. उघडलं आणि आत चार ठिकाणी गाठींनीच अडलेलं असलं, तर तसंच शिवून टाकावं लागतं. मग माणसाचे उरलेले दिवस टाके सांभाळण्यात जातात."

"आणि नाही उघडलं तर?" नवऱ्यानं विचारलं.

"कधी कधी नळीनं सुटतं. पण त्यांच्या पोटाचा एक भाग मला आवडत नाहीये. तिथलं आतडं काळं पडत असावं. तसं असेल तर उद्यापर्यंत फुटेल." त्यांनी स्कॅन पुन्हा उजेडाकडे धरला. "एक गोष्ट आहे. स्कॅनमध्ये जिथे अडलंय तिथे मला गाठ दिसत नाही. म्हणजे तिथे नसेलच असं नाही. खात्री देत नाही."

नवऱ्यानं तिथूनच दिरांना फोन लावला. दीर म्हणाले, "कशाला आता चिरफाड? घरी आण." नवऱ्यानं फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"त्यांना विचारलंत?" सर्जननी विचारलं.

"तिला माहीत नाही परत आलंय ते."

ते उठले. आम्ही त्यांच्या मागे गेलो. आत्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून ते बसले.

आत्याच आधी बोलल्या. "परत आलंय ना?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगाया पाहिजे. पोट माझं हाय."

नवरा खिडकीकडे वळला. सर्जननी त्यांना सगळं सांगितलं, आम्हाला सांगितलं होतं तेवढंच, फक्त आणखी सावकाश. उघडल्यावर काहीच करता येणार नाही असंही होऊ शकतं, हेही सांगितलं. टेबलावरच काही होऊ शकतं, हेही.

आत्यांनी नीट ऐकून घेतलं. "उघडा," त्या म्हणाल्या. "पण आत जे दिसंल ते मला खरं सांगायचं."

"सांगेन."

"तुम्ही नाय. तुम्ही लोकं गोड बोलता. हिनं बघायचं आणि हिनं सांगायचं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी सर्जनकडे पाहिलं. मला वाटलं, ते हसून विषय टाळतील. ते म्हणाले, "ठीक आहे. बोलावतो तुम्हाला."

साडेअकराच्या सुमारास त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर आणखी दोन कुटुंबं होती. कोणीतरी पोह्यांच्या पुड्या आणल्या होत्या. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून कसलीशी मालिका चालली होती. नवरा एकदाही बसला नाही. मी मनात म्हणत होते की नाहीच बोलावणार. कामाच्या गडबडीत विसरतील.

मग दार उघडून एका सिस्टरनं आत्यांचं नाव घेतलं आणि विचारलं, "सूनबाई कोण?"

मला हिरवा गाऊन घातला, टोपी, मास्क, पायात पिशव्या. सिस्टर म्हणाली, कशालाही हात लावायचा नाही, चक्कर आली तर मागे भिंतीला टेकून खाली बसायचं, पुढे वाकायचं नाही. आतलं दार ढकललं तेव्हा आधी थंडी लागली. खूप थंडी. मग तो वास, जळकट आणि गोडसर.

मी आत्यांना शोधत होते. आत्या कुठेच दिसत नव्हत्या. एक हिरवं कापड डोक्याच्या बाजूला पडद्यासारखं उभं केलं होतं, बाकी सगळं कापडांनी झाकलेलं, आणि मधे एक लांबट भोक. त्या भोकात पोट उघडं होतं. ते कोणाचंच वाटत नव्हतं. सर्जननी मला दोन पावलांवर उभं केलं.

"हे पाहा," ते म्हणाले. त्यांनी पिवळ्या चरबीचा एक पदर उचलून धरला. त्यावर पांढरे दाणे होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, काही एकेकटे, काही पाचसहा जवळजवळ. "हा परत आलेला आजार. हा आहे. तो मी काढू शकत नाही."

मी मान हलवली.

"आता हे पाहा." त्यांनी हात खोल घातला आणि आतड्याचं एक वेटोळं वर आणलं. बाकीचं आतडं मळकट गुलाबी होतं. हे मात्र पिकल्या जांभळासारखं, जवळजवळ काळं. त्याच्या बुडाशी एक पांढरा धागा होता. मी धागा म्हणतेय, कारण मला दुसरा शब्द नाही. सुतळीएवढा जाड, पोटाच्या भिंतीपासून निघून त्या वेटोळ्याला आवळून परत भिंतीला चिकटलेला.

"हा आजार नाही," ते म्हणाले. "पहिल्या ऑपरेशनची खूण आहे. आतला व्रण. यानं गळफास बसलाय." आणि त्यांनी कात्रीनं तो कापला. आवाजसुद्धा झाला नाही.

मग ते मला म्हणाले, "आता थांबायचं. रंग परत आला तर ठेवीन. नाही आला तर एवढा भाग काढावा लागेल आणि शौचासाठी पोटावर पिशवी येईल. दहा मिनिटं."

कोमट पाण्यात भिजवलेली कापडं त्या काळ्या वेटोळ्यावर ठेवली. कापडांतून वाफ येत होती. सर्जननी दोन्ही हात कापडांवर ठेवले आणि ते उभे राहिले. सगळे उभे राहिले. मशीनचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. भूल देणाऱ्या बाईंनी मला खुणेनं पडद्याच्या पलीकडे बोलावलं. तिथे आत्या होत्या. डोळ्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या, तोंडात नळी, कपाळावर घामाचा एक थेंबही नाही. मी आयुष्यात आत्यांचा चेहरा इतका रिकामा पाहिला नव्हता. मला वाटलं, ह्या आता इथे नाहीत, आणि पडद्याच्या पलीकडे आम्ही सगळे ज्याची वाट बघतोय ते ह्यांच्या नकळत ठरतंय. त्यांची छाती मशीनच्या तालावर वर-खाली होत होती. ती हालचालही त्यांची नव्हती.

"बोला हवं तर," त्या बाई हळूच म्हणाल्या.

मी म्हटलं, "आत्या, डबे भरून झालेत." का म्हटलं ते मला आजही कळत नाही.

पलीकडून सर्जनचा आवाज आला. "या."

त्यांनी कापड उचललं. काळा रंग गेला नव्हता, पण कडांनी तांबूस झाला होता. आम्ही बघत असतानाच तो तांबूसपणा आत सरकत गेला. मग त्या वेटोळ्यावरून एक बारीक लाट गेली. सकाळी कातडीखाली जे सरकताना दिसलं होतं तेच हे, माझ्या लक्षात आलं.

"राहू दे," सर्जन म्हणाले. सिस्टरनं मला बाहेर नेलं. दार बंद झाल्यावर मी गाऊनसकट खाली बसले.

चौथ्या दिवशी आत्यांना बोलता यायला लागलं. नाकात अजून नळी होती. नवरा औषधं आणायला गेला होता.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"सांग."

मी सांगितलं. धाग्याचं आधी सांगितलं, कारण तेवढंच सांगून थांबता आलं असतं. आत्या थांबू देणार नव्हत्या. "आणि?"

"आणि दाणे आहेत. पांढरे. साबुदाण्यासारखे."

"लय?"

"पुष्कळ."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, मी चूक केली. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "आतून कसं असतं गं? रंग कसा? मी इतक्या बायांना आंघोळी घातल्या. चाळीस तरी असतील. बाहेरून सगळं बघितलं. आत काय असतं ते कधी बघितलं नाय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. चरबीचा पिवळा रंग, आतड्यांची चमक, कापडांतून येणारी वाफ. त्या मधेमधे प्रश्न विचारत होत्या, एखादीनं माहेरच्या गावाबद्दल विचारावं तसे. मी शेवटी त्यांच्या चेहऱ्याचं सांगणार होते, पण सांगितलं नाही.

सातव्या दिवशी त्यांना धाप लागली. छातीत पाणी झालं होतं. अतिदक्षता विभागात हलवलं. दीर सायखेड्याहून आले, काचेतून मास्क लावलेल्या आईकडे बघितलं, तिथल्या डॉक्टरांनी "काही सांगता येत नाही" म्हटलं ते ऐकलं आणि संध्याकाळच्या आत परत गेले. पण दोन दिवसांत धाप उतरली; ते कळवायला नवऱ्यानं दिरांना दोनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. अकराव्या दिवशी सर्जन म्हणाले, घरी न्या. आत्या म्हणाल्या, "घरी म्हणजे सायखेड्याला."

निघताना नवऱ्यानं गावातल्या घरी फोन केला. जावेचा फोन शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी उचलला, जाऊ गोठ्यात होती. लाइन तुटत होती. नवरा म्हणाला, "आईला आणतोय म्हणावं. ॲम्ब्युलन्समधून. दोनपर्यंत पोचतो." तेवढ्यात त्याच्या फोनची बॅटरी संपली.

तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, मी मागे आत्यांजवळ. औरंगाबाद रोडला लागलो, ओढा गाव मागे पडलं. आत्यांना खिडकीतून नुसते झाडांचे शेंडे दिसत होते, त्यावरून त्या ओळखत होत्या कुठे आलो ते. माझ्या फोनवर टिंग वाजलं. गावाच्या ग्रुपवर आत्यांचा फोटो आला होता. कोणाच्या तरी लग्नातला, शेजारच्या बाईचा खांदा कापून काढलेला. खाली दोन हात जोडलेले, आणि "भावपूर्ण श्रद्धांजली. अंत्यविधी दुपारी चार वाजता, गोदाकाठ."

टिंग, टिंग. एकामागून एक जोडलेले हात येत राहिले. काही तर नाशिकला राहणाऱ्या, माझ्या ओळखीच्या लोकांचे होते.

"काय गं?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही. शाळेचं."

मी दिरांना फोन लावला. उचलला नाही. जावेला लावला. उचलला नाही. पुढच्या काचेवर टकटक करून नवऱ्याला सांगायचं म्हटलं तर आत्यांसमोरच सांगावं लागलं असतं. चांदोरी आलं. पूल आला. पुलावर गाडी हळू झाली, तसं पाण्याच्या कडेला कोणीतरी जागा झाडताना मला दिसलं. त्या जागेचा याच्याशी काही संबंध नसेल. मी मान वळवली.

घरासमोर पुरुष रांगेनं बसले होते, डोक्यावर टोप्या. गाडी थांबली. दार बाहेरून उघडलं. अंगणात तीन विटांची चूल पेटवलेली होती आणि वर मोठं पातेलं, त्यातून वाफ निघत होती. शेजारी पाट. पाटावर घडी घातलेलं नवं पातळ. भिंतीला दोन बांबू टेकवून ठेवलेले.

नात्यातले दोन पुरुष खाली माना घालून पुढे आले आणि त्यांनी स्ट्रेचरला हात घातला. आत्यांनी डोकं उचललं.

डावीकडच्या माणसानं हात सोडला. उजवीकडच्यानं सोडला नाही, तो तसाच धरून थिजला. ड्रायव्हरनं धावत येऊन दुसरी बाजू पकडली नसती तर आत्या खाली आल्या असत्या. रांगेतले पुरुष एकेक करून उठून उभे राहिले. कोणी हसलं नाही, कोणी देवाचं नाव घेतलं नाही. घराच्या आत बायका रडत होत्या. त्यांना बाहेरचं काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्या रडतच राहिल्या. आत्या अंगणात जिवंत पडलेल्या आणि आतून त्यांच्याच नावानं सूर लागलेला. मला वाटतं ते दोन मिनिटंही चाललं नसेल.

नवरा पुढून उतरून तिथेच उभा राहिला होता. आत्यांनी मात्र एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा पाटाकडे, एकदा बांबूंकडे. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"मला खुर्चीत बसवा," त्या म्हणाल्या.

बसवलं. त्यांनी खुर्ची चुलीजवळ घ्यायला लावली आणि पातेल्यावरच्या वाफेत हात धरला. "लय कडक केलंय. गेलेल्या बाईला कोमट घ्यायचं असतं. किती येळा सांगितलं." तोवर आतल्या बायका दारात आल्या होत्या आणि एकमेकींना धरून उभ्या होत्या. "विसण घाल," आत्या मला म्हणाल्या. "तापलंच हाय तर पाय धुते."

टाके ओले करायचे नव्हते. मी बादलीत गार पाणी मिसळलं आणि त्यांच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं. अख्खं अंगण बघत होतं. आत्याही बघत होत्या, आपल्याच पायांकडे, आणि मी मान वर करून त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

दीर थोड्या वेळानं ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत लाकडं होती. आईला खुर्चीत बसलेलं पाहून ते ट्रॅक्टरवरून उतरलेच नाहीत. नंतर मला एकदा म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला फोन लावायला पाहिजे होता. मला ऐकायचंच नव्हतं."

त्यानंतर आत्या आठ महिने जगल्या. मी शनिवारी-रविवारी जायचे. घरात सगळं नेहमीसारखं चालू होतं, पण गावानं त्यांना परत घेतलं नाही असं मला दिसायचं. रस्त्यात कोणी भेटलं तर क्षणभर थांबून मग बोलायचं. बारशाला बोलावणं यायचं बंद झालं. आणि कोणी बाई गेली तर निरोपही आला नाही. दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा आत्या जुनं पातळ नेसून ओट्यावर बसून राहिल्या, दुपार टळेपर्यंत.

त्याऐवजी दुसरंच काही सुरू झालं. दुपारच्या सामसूम वेळेला बायका एकेकट्या यायला लागल्या. पाणी मागायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि मग आवाज उतरवून विचारायच्या, "मावशी, तिकडं कोणी दिसलं का?"

"मी तिकडं गेलेच नव्हते," आत्या सांगायच्या. "नाशिकला होते."

त्यांचा विश्वास बसत नसे. एक बाई तर चार वेळा आली. तिची कॉलेजात जाणारी मुलगी विहिरीत सापडली होती, तीनेक वर्षांपूर्वी. आईला मुलीजवळ जाऊ दिलं नव्हतं, धरून ठेवलं होतं. चौथ्या वेळी मी तिथे होते. ती काहीच विचारत नव्हती, नुसती खांबाला टेकून बसली होती. आत्या बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडचं मला ठावं नाय. पण तुझ्या पोरीला मीच न्हाऊ घातलं. केसात शेवाळ होतं, ते सगळं काढलं. शिकेकाई लावली. मधोमध भांग पाडून एक वेणी घातली. उजव्या कानातला डूल नव्हता, म्हणून डावापण काढून ठेवला, बरं दिसंना. तोंड शांत होतं. घाई नाय केली मी. बाहेर माणसं ओरडत होती, पण घाई नाय केली."

ती बाई रडली नाही. तिनं विचारलं, "वेणीला काय बांधलं होतं?"

"माझ्या पातळाच्या काठाची चिंधी. निळी."

त्यानंतर ती बाई रोज यायला लागली. दुसऱ्याही आल्या. आत्यांना एकेकीचं सगळं आठवत होतं. कोणाच्या पाठीवर कसला डाग होता, कोणाचे हात मिटलेले होते आणि ते कसे उघडले. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. त्या बायका मात्र जेवायला बसावं तशा समोर बसून ऐकायच्या.

द्राक्षांची तोड संपत आली होती तेव्हा आत्यांचं पोट पुन्हा फुगलं. आम्ही नाशिकला नेलं. त्याच सर्जननी स्कॅन पाहिला आणि या वेळी मला एकटीलाच आत बोलावलं. चार-पाच ठिकाणी अडलं होतं, सगळीकडे गाठी. "उघडून उपयोग नाही. मी उघडणार नाही," ते म्हणाले. "उलटी थांबवायची इंजेक्शनं देतो, दुखायची देतो. घरी ठेवा. काही लागलं तर कधीही फोन करा." मग ते म्हणाले, "त्यांना तुम्हीच सांगा. तसं ठरलंय."

मी गाडीतच सांगितलं. आत्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"आठ, दहा."

"बरं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "घरी जायच्या आधी फोन करून सांगा, जिवंत येतीये म्हणून." नवरा पुढे गाडी चालवत होता. त्याला हसू आलं आणि मग तो रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन बराच वेळ रडला. आत्यांनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्या नवव्या दिवशी गेल्या, दुपारी तीनच्या सुमारास. मी शाळेतून रजा घेतली होती. घरात मी, जाऊ आणि ती विहिरीतल्या मुलीची आई, अशा तिघीच होतो. पुरुष बागेत होते. ती बाई कापसाच्या बोळ्यानं आत्यांचे ओठ ओले करत होती. तिचाच हात आधी थांबला. शेजारच्या बागेत औषध फवारणारा ट्रॅक्टर चालू होता, ओळीच्या टोकाला जायचा, वळायचा, परत जवळ यायचा. आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता बसून राहिलो. तो ट्रॅक्टर बंद होईपर्यंत आम्ही कोणालाही हाक मारली नाही.